सासूबाईंचा जपानी नट

गुडघा मोडला नसता तर यातलं काहीच घडलं नसतं. शारजात, अल नहदामध्ये आमच्या बिल्डिंगच्या मागे वाळूची मोकळी जागा आहे. सुट्टीच्या सकाळी आम्ही चाळिशी ओलांडलेले लोक तिथे टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो. एक कॅच घ्यायला मी उलटा धावलो, पाय वाळूत रुतला आणि गुडघा भलत्याच दिशेला वळला. ऑपरेशन झालं, मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस लागला आणि डॉक्टरांनी दोन महिने घरी बसायला सांगितलं. बायकोचं ऑफिस दुबईत. उजाडता उजाडता गाडी काढली नाही तर ती शारजा-दुबईच्या बॉर्डरवरच अडकते. लेक शाळेत. दिवसभर माझ्याजवळ कोण थांबणार, म्हणून बायकोने तिच्या आईला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं.

सासूबाई सिंधुदुर्गातल्या. मी सोलापूरकडचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे "प्रवास कसा झाला" आणि "जेवलात का" एवढंच. त्या मला जावईबापू म्हणत आणि माझ्याशी शाळेत शिकवतात तसं मराठी बोलत. मालवणी फक्त लेकीशी. आता आम्ही दोघंच सकाळपासून चारपर्यंत सतराव्या मजल्यावर. बाहेर ऊन असं की खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसावा. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी इतक्या अदबीने वागलो की दोघंही दमलो.

मला एक नाद आहे. हॉस्टेलमध्ये असल्यापासून मी जपानी गुंडांचे, पोलिसांचे, खुनाखुनीचे सिनेमे बघतो. कुणी विचारलं की त्यात एवढं काय आहे, तर मी हातातलं काम सोडून सांगत बसतो. त्यातली माणसं मारामारीच्या आधी गप्प बसतात. चहाचा पेला समोर असतो, पंखा फिरत असतो, कुणी काही बोलत नाही, आणि आपल्याला घाम फुटतो. मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं होऊन जातं. आणि ते नट! साठी-सत्तरीचे म्हातारे सूट-बूट घालून जिन्यावरून पळतात, लोळतात, आपटतात. एकाचा नुसता गाल हलला तरी कळतं की आता कुणीतरी जाणार.

पण घरात हे सिनेमे मोठ्याने लावायची सोय नव्हती. बायकोला रक्त, मरणं, असलं काही बघवत नाही. कारण तिने कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. त्यामुळे मी हेडफोन लावून बघायचो. आता तर घरात सासूबाई. दोन-तीन दिवस मी सभ्यपणे बातम्या बघितल्या. मग राहवेना. दुपारी त्या जेवणाच्या टेबलाशी कोळंबी सोलत बसल्या होत्या, त्यांची पाठ टीव्हीकडे आहे अशी खात्री करून मी हेडफोन लावले आणि बंदरावरच्या दोन टोळ्यांचा एक जुना सिनेमा सुरू केला.

अर्ध्या तासाने मी सहज वळून बघितलं. सासूबाईंनी खुर्ची फिरवून घेतली होती. हातातली कोळंबी हातातच होती. पडद्यावर नायकाने एका जाड मानेच्या गुंडाला गोळी घातली होती आणि तो गुंड माशांच्या खोक्यांवर आडवा झाला होता. मी घाईघाईने हेडफोन काढले. म्हटलं, "सॉरी आई, बंद करतो."

त्या म्हणाल्या, "पडलो तो बरोबर पडलो."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी परत शाळेच्या मराठीत सांगितलं, "म्हणजे चांगला पडला तो. आधी गुडघा टेकला, मग कंबर, मग खांदा. लागलं नाही त्याला. मागे घ्या बघू जरा."

मी मागे घेतला. आम्ही त्या माणसाचं मरण तीनदा बघितलं. मग त्या हात धुऊन आल्या आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. म्हणाल्या, "आवाज सोडा. आणि खाली काय लिहून येतं ते मला सांगा."

अशी आमची दुपार सुरू झाली. खाली इंग्रजी ओळी यायच्या आणि मी त्या मराठीत मोठ्याने म्हणायचो. पहिल्या दिवशी माझं भाषांतर अगदीच सरकारी होतं. टोळीचा म्हातारा म्होरक्या फोनवर धमकी देत होता आणि मी वाचलं, "तुला या कृत्याची किंमत मोजावी लागेल."

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, गुंड असे बोलतात?"

"मग कसे?"

"थांब मेल्या, तुका दाखवतंय."

मी तसंच म्हटलं आणि काय सांगू, तो म्हातारा एकदम जिवंत झाला. त्या दिवसापासून बंदरावरचे सगळे जपानी गुंड आमच्या घरात मालवणी बोलायला लागले. माझ्या सोलापुरी तोंडात ती मालवणी बसायची नाही, मग त्या दुरुस्त करायच्या. पोलीस मात्र मी माझ्या गावाकडच्या बोलीत बोलायचो. "ए, काय करायलास बे तिथं?" असं मी एकदा फौजदाराच्या तोंडी घातलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की सिनेमा थांबवावा लागला.

त्यांना सगळ्यात काही ना काही दिसायचं. गुंड घरात शिरताना दारात बूट काढतात याचं त्यांना फार कौतुक. "खून करायला आले, पण वळण आहे," म्हणायच्या. टोळीच्या म्होरक्याला त्यांनी खोत ठरवलं. एकाने चूक कबूल करायची म्हणून स्वतःचं बोट कापून दिलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि नंतर पूर्ण सिनेमाभर त्यांना एकच काळजी. "आता हा भात कसा जेवणार? त्या काड्या धरायच्या कशा?"

आणि तो जाड मानेचा. दुसऱ्या सिनेमात तो परत दिसला. तिसऱ्यातही. बारीक डोळे, छोटं तोंड, खांद्यात बुडालेलं डोकं. कधी म्होरक्याचा उजवा हात, कधी ड्रायव्हर, कधी जुगाराच्या अड्ड्याचा मालक. नायक बदलायचे, हा असायचाच, आणि प्रत्येक सिनेमात अर्ध्याच्या आसपास मरायचा. कधी गोळीने, कधी सुऱ्याने, एकदा तर नुसता जिन्यावरून. मी इतकी वर्षं हे सिनेमे बघत होतो, नायकांची नावं, दिग्दर्शकांची नावं तोंडपाठ होती, पण हा माणूस माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं पाव्हणो. थोडा वेळ येतो, जेवतो, जातो. तो पडद्यावर आला की त्या सावरून बसायच्या. "इलो पाव्हणो. आता बघा कसा जातो."

एका दुपारी तो पावसात, चिखलात, तलवारीचा वार खाऊन गरकन फिरून पडला. मी म्हटलं, "आई, तुम्हाला पडण्यातलं एवढं कसं कळतं?"

त्यांनी मला हाताने सिनेमा थांबवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "ह्यांचं कामच ते होतं."

माझे सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते. मला ते फक्त भिंतीवरच्या फोटोत माहीत. सफारी शर्ट, तेल लावून बसवलेले केस, चेहऱ्यावर गंभीर भाव. ते एसटीत कंडक्टर होते एवढं मी ऐकून होतो. सासूबाईंनी सांगितलं की ते दशावतारातही होते. जत्रांचा हंगाम सुरू झाला की रजा टाकून कंपनीबरोबर गावोगाव जायचे. पेटारा डोक्यावर, देवळासमोर मांडव, रात्रभर खेळ. उंचेपुरे आणि आवाज मोठा, म्हणून वाट्याला कायम राक्षस. तोंडाला लाल रंग, भुवया जाड, डोक्यावर टोप. रात्रभर देवांना दमात घ्यायचं आणि पहाटे देवाच्या हातून मरायचं.

"दर खेळाला मेले," त्या म्हणाल्या. "आणि काय सांगू जावईबापू, लोक देवासाठी थांबायचे नाहीत. राक्षस कसा मरतो ते बघायला थांबायचे."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. माझी बायको पाच-सहा वर्षांची असताना एकदा तिला जत्रेला नेलं होतं. वडील मेलेले बघून ती अशी किंचाळली की खेळ थांबवावा लागला. राक्षसाला उठून, रंगवलेल्या तोंडाने, तिला उचलून घ्यावं लागलं. त्याने ती आणखी घाबरली. त्यानंतर तिला कधी खेळाला नेलं नाही. चौदा वर्षांत मला न मिळालेलं उत्तर मला त्या दुपारी मिळालं.

मी बायकोला त्या संध्याकाळी काही बोललो नाही. पण आमच्या दुपारच्या उद्योगाची बातमी घरात फुटलीच. लेक शाळेतून लवकर आली आणि तिने आजीला ओरडताना ऐकलं, "मागे बघ रे, मागे बघ, येतासा तो!" लेक दारातच उभी राहून म्हणाली, "आजी, आर यू वॉचिंग गँगस्टर्स?" आजीने तिला जवळ बसवून म्होरक्या कोण, गद्दार कोण ते समजावून दिलं. रात्री जेवताना लेकीने सगळं आईला सांगितलं. मला वाटलं, आता संपलं. पण बायको फक्त म्हणाली, "आई, तुला झोप लागते ना नंतर?" आणि आमटी वाढून घेतली.

मी काठी घेऊन चालायला लागलो त्या सुमारास जाहिरात दिसली. दुबईत, गोदामांच्या भागातल्या एका छोट्या थिएटरात जपानी सिनेमांचे खेळ होते, आणि एका खेळाला आमच्या बंदरवाल्या सिनेमांचा नायक स्वतः येणार होता. मी सोफ्यावरून उठायचो ते जवळजवळ उडालोच. ज्याची मी हॉस्टेलच्या भिंतीवर चित्रं लावली होती तो माणूस माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर येत होता. मी चार तिकिटं काढली. बायको म्हणाली, "मी नुसती गाडी चालवते, बाहेर कॉफी पीत बसते." सासूबाई म्हणाल्या, "तिकीट काढलंय ना? मग आत बस. डोळे मीट हवं तर."

शनिवारी दुपारचा खेळ. आम्ही दोन तास आधी निघालो. सासूबाईंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि डब्यात नारळाच्या वड्या घेतल्या होत्या. मी विचारलं, या कुणाला? "मोठा माणूस गावात आलाय, रिकाम्या हाताने जायचं?" वाटेत मी लेकीला एकेका सिनेमाची गोष्ट सांगत होतो आणि मध्ये मध्ये सासूबाई माझ्या चुका काढत होत्या. बायको स्टिअरिंगवरून हसत होती.

थिएटर भरलं होतं. सगळ्या देशांची पोरं, नायकासारखे काळे गॉगल लावून आलेली. आम्ही पुढून चौथ्या रांगेत, मी काठी आणि पाय सांभाळत कडेच्या खुर्चीवर. मग एक माणूस मंचावर आला आणि त्याने पडेल आवाजात सांगितलं की नायकांची तब्येत बिघडल्यामुळे ते येऊ शकलेले नाहीत. सगळ्या हॉलमध्ये "अरे" असा उसासा उमटला. माझा उसासा सगळ्यांत मोठा असणार. मागची काही पोरं उठायलाही लागली. तो माणूस पुढे म्हणाला, त्यांच्याऐवजी त्यांच्यासोबत अनेक सिनेमांत काम केलेले एक ज्येष्ठ सहकारी आले आहेत.

पडद्याच्या कडेने जाड मानेचा एक म्हातारा चालत आला. करड्या रंगाचा साधा कोट. त्याने कमरेतून वाकून नमस्कार केला. टाळ्या अगदी तुरळक पडल्या.

माझ्या दंडात सासूबाईंची नखं रुतली. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "पाव्हणो."

मला शहारा आला. खरं सांगतो, नायक आला असता तरी मला इतकं झालं नसतं. ज्याला आम्ही रोज दुपारी मरताना बघत होतो तो समोर उभा होता, जिवंत, आणि माईक कुठे धरायचा ते त्याला कळत नव्हतं. मी काठी आपटून टाळ्यांत भर घातली. लेकीने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. ही विद्या ती कुठे शिकली ते मला अजून कळलेलं नाही.

सिनेमा झाला. त्यातही तो मेला, एका सलूनच्या खुर्चीत. बायकोने तेव्हा डोळे मिटले होते. दिवे लागल्यावर प्रश्नोत्तरं सुरू झाली. त्याच्या शेजारी एक जपानी तरुणी दुभाषी म्हणून बसली होती. पोरांचे सगळे प्रश्न नायकाबद्दल. तो कसा आहे, खरंच तलवार चालवतो का, गाड्या किती आहेत. म्हातारा प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर देत होता. मग सासूबाईंनी हात वर केला. नुसता वर केला नाही, उभ्याच राहिल्या.

माईक आला. त्यांनी मराठीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं, त्या तरुणीने जपानीत. प्रश्न असा होता: "तुम्ही इतके सुंदर पडता, पण पडल्यावर तोंड पलीकडे का वळवता? आम्हाला तुमचा चेहरा का दाखवत नाही?"

तो म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. त्याने सासूबाईंकडे नीट बघितलं. मग तो बोलायला लागला आणि ती तरुणी हसू आवरत सांगू लागली. "ते म्हणतात, लोकांना मी नेहमी सांगतो की मेल्यावर प्रसंग जिंकणाऱ्याचा असतो, म्हणून मी तोंड फिरवतो. पण हे खरं नाही. खरं म्हणजे माझ्या पापण्या थरथरतात. लहानपणापासून. मला मेल्यासारखं पडून राहताच येत नाही."

हॉल हसला. गॉगलवाली पोरं पहिल्यांदा त्याच्याकडे बघायला लागली. त्याने विचारलं, हे तुमच्या लक्षात कसं आलं?

सासूबाईंनी सांगितलं. नवरा राक्षस व्हायचा, दर पहाटे मरायचा, आणि तोंड कायम लोकांकडे करायचा, कारण राक्षस खरंच मेला याची खात्री झाल्याशिवाय आमच्याकडचे लोक घरी जात नाहीत. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होतो. बायको सासूबाईंच्या पलीकडे अगदी ताठ बसली होती.

म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. तरुणी म्हणाली, "ते विचारतात, कसे मरायचे? दाखवाल का?"

"मी कशी दाखवणार या वयात?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंचा पाय तसला. पाव्हण्यालाच करू दे. मी सांगते."

आणि त्या माझ्या गुडघ्यावरून पलीकडे जाऊन मंचाच्या पायऱ्यांपाशी पोचल्यासुद्धा. मी काठी टेकत मागे. म्हातारा कोट काढून मंचाच्या मध्यभागी उभा राहिला, हात बाजूला, शाळेतल्या मुलासारखा. सासूबाईंनी त्याला सांगितलं, उजवा पाय पुढे. छाती काढ. तलवार वर, अशी. आता देवाचा वार बसलाय, पण तुला पटत नाहीये. तू देवाकडे बघतोस, मग लोकांकडे बघतोस. मग गिरकी. त्याने एक गिरकी घेतली. "एक नाही, तीन. आणि पायात ताल पाहिजे." ती तरुणी तालाला जपानीत काय म्हणायचं याचा विचार करत थांबली, तेवढ्यात सासूबाईंनी स्वतःच्या मांडीवर थाप मारत मृदंगाचे बोल सुरू केले. धा किट तक, धुम किट तक. माईक माझ्या हातात होता, मी तो त्यांच्या तोंडापुढे धरला. सगळ्या हॉलमध्ये ते बोल घुमायला लागले.

आणि तो फिरला. सत्तरीचा जाड माणूस, बोलावर पाय टाकत, एक, दोन, तीन. बोल चढत गेले तसा तोही चढत गेला. शेवटच्या थापेला तो थांबला, लोकांकडे बघितलं, आणि गुडघा, कंबर, खांदा असा त्या लाकडी मंचावर पडला. तोंड लोकांकडे. त्याच्या पापण्या खरंच थरथरत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका पोराने ते बघून बोट दाखवलं आणि म्हातारा पडल्या पडल्याच हसायला लागला.

सगळा हॉल उभा राहिला. लेक खुर्चीवर चढली होती. मी बायकोकडे बघितलं. ती उभी होती, डोळे सताड उघडे, गालांवर पाणी, आणि ती दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती.

म्हाताऱ्याने उठून सासूबाईंपुढे कमरेतून वाकून नमस्कार केला. त्यांनी डबा दिला. त्याने एक वडी तिथेच तोंडात टाकली, आणि डबा परत द्यायचा की ठेवायचा हे दुभाषीला विचारलं. "ठेव, ठेव," सासूबाई म्हणाल्या. हे त्याला दुभाषीशिवाय कळलं.

परतताना बॉर्डरवर नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या होत्या. लेक मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होती. "आजी, यू किल्ड इट," ती म्हणाली. आजीने विचारलं, "कोणाक मारलंय मी?" मग बायको आरशातून मागे बघत म्हणाली, "आई, बाबा घरी सराव करायचे ना? मला आठवतं, मागच्या अंगणात धप्प असा आवाज यायचा. तू मला आत झोपवायचीस."

"करायचे तर."

"मग देव कोण व्हायचं?"

सासूबाईंनी पदर नीट केला. "मीच. लाटणं घेऊन. ते म्हणायचे, जोरात मार, अशाने राक्षस मरतो काय?"

बायकोला इतकं हसू आलं की पुढची गाडी सरकली तरी आमची तिथेच, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले. मग ती वडिलांबद्दल एकेक विचारू लागली. रंग कशाने काढायचे, टोप कुठे ठेवायचे, कोणत्या देवाच्या हातून मरायला त्यांना आवडायचं. सासूबाई तिच्याशी मालवणीत बोलत होत्या आणि मला बहुतेक सगळं कळत होतं.

महिन्याभराने त्या गावी परतल्या. मी कामावर जायला लागलो. आता शनिवारी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉल लावतो, मी मोबाईल टीव्हीसमोर ठेवतो आणि ओळी मोठ्याने वाचतो. तिकडे त्यांच्याजवळ शेजारच्या दोन-तीन बायका येऊन बसतात. बायकोही असते, हातात उशी घेऊन. कुणी मरायला आलं की उशी वर जाते, पण पूर्ण नाही. गेल्या आठवड्यात एका नव्या सिनेमात आमचा पाव्हणा निवृत्त पोलीस झालाय असं कळलं. तो मरतो की जगतो ते मी मुद्दाम आधी बघितलेलं नाही. पोलीस असल्यामुळे तो आता कुठली बोली बोलणार, मालवणी की सोलापुरी, यावर मात्र सासूबाईंचं आणि माझं फोनवर भांडण चालू आहे, आणि त्या काही हटायला तयार नाहीत.